अक्षरी रुपये एक हजार फक्त

एकतीस मार्च, रात्रीचे पावणेअकरा.
सिंचन भवनात सगळे पंखे चालू,
प्रिंटर तापलेला,
चहावाला तिसऱ्यांदा येऊन गेलेला.
मुंबईहून निधी सुटला का बघायला
भालेराव दर दोन मिनिटांनी
स्क्रीन खाली ओढून सोडतात,
विहिरीत पोहरा सोडावा तसा.
रिकामा येतो. पुन्हा सोडतात.

माझ्याकडे जोडकालव्याची फाईल.
मी खात्यात लागले तेव्हा ती चौऱ्याऐंशी कोटींची होती,
आता सहाशे बारा.
मधल्या बावीस वर्षांत घमेलंभर माती हलली नाही,
हलली ती दरसूची.
सुधारित मान्यता, तिच्यावर द्वितीय सुधारित,
मग त्रुटींची पूर्तता, मग पूर्ततेतल्या त्रुटी.
इतकी जाड झालीय
की टेबलाखाली पाय ठेवायला पाटासारखी वापरता येते.
वापरते. खोटं कशाला बोला.

दर अर्थसंकल्पात तिला हजार रुपये मिळतात.
लाख नव्हे. हजार.
लाक्षणिक तरतूद म्हणतात त्याला:
लेखाशीर्ष बंद पडू नये म्हणून
ओठ ओले ठेवायचे, एवढंच.

नकाशा मात्र देखणा आहे.
कुलथे नावाच्या आरेखकांनी ट्रेसिंग कापडावर
शाईने काढलेला.
भीमा ठसठशीत, मुठा तिच्याहून बारीक,
आणि जोडकालवा तुटक तुटक.
प्रस्तावित असलं की रेघ तुटकच काढायची असते.
कुलथे निवृत्त झाले, मग वारले.
रेघेच्या दोन तुकड्यांमधल्या कोऱ्या जागेत
सात गावं बसतात.
मी मोजलीत, जेवणाच्या सुट्टीत.

फेब्रुवारीत टेलकडच्या पाणीवापर संस्थेचे सचिव येतात.
रंभाजी ढवाण. कडक इस्त्रीचा शर्ट,
प्लास्टिकच्या पिशवीत सभांची इतिवृत्तं.
भांडत नाहीत. खुर्चीवर अर्धंच टेकतात.
"बाई, यंदा किती?"
"हजार."
वहीत लिहून घेतात, मागच्या हजाराखाली.
यंदा मात्र टोपण लावता लावता म्हणाले,
"पण तो खर्च होतो का?"
"नाही. वर्ष संपलं की समर्पित करतो."
"कुणाला?"
मला उत्तर येत नव्हतं.
त्यांनी कपाळाला हात लावला,
नमस्कारासाठी की कशासाठी, कळलं नाही.

बाराला पाच कमी असताना निधी आला.
दुसऱ्याच खोऱ्यातल्या धरणाला.
भालेराव तरीही टाळी वाजवून उठले.
मी माझा हजार समर्पित केला,
आधी आकड्यात, मग अक्षरी,
आणि शेवटी 'फक्त' लिहिलं,
म्हणजे मागे कुणी शून्य वाढवू नये.
वाढवणार कोण, हा प्रश्न वेगळा.

धायरीला पोचले तर गेटात टँकर उभा.
खडकवासला इथून हाकेच्या अंतरावर,
आणि आमची टाकी दोन दिवस कोरडी.
सेक्रेटरी गावाला, वॉचमन झोपेत.
"मॅडम, तुम्हीच सही करा. हजार होतात."
मी पर्समध्ये पाचशेच्या दोन नोटा शोधल्या.

नळी टाकीत सुटली.
दहा हजार लिटर, वीस मिनिटं.
काळोखात नुसता आवाज ऐकत राहिले.
बावीस वर्षं पाण्याच्या खात्यात,
आणि माझ्या सहीनं पाणी पडलेलं
हे पहिलंच.

पावतीवर 'कोणासाठी' असा रकाना होता.
पेन हातात घेऊन मी बराच वेळ थांबले.
"काहीपण लिहा," ड्रायव्हर म्हणाला, "कोण वाचतंय."
मी लिहिलं: जोडकालवा.

त्यानं मोबाईलच्या उजेडात वाचलं.
"ही कुठली सोसायटी, मॅडम?
आपली गाडी कधी गेली नाही तिकडं."